मावळतीकडून येणारं ऊन

कडावला ऊन मावळतीकडून येतं. भूगोलाच्या पेपरात असं लिहिलं तर मास्तर लाल रेघ ओढतील, पण कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या या गावात थंडीच्या सकाळी अंगणात उभं राहावं आणि स्वतः बघावं. उगवतीला सह्याद्रीची भिंत आहे, ढाकच्या बाजूने निघून भीमाशंकरकडे गेलेली. मावळतीला माथेरानचा डोंगर. दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात गाव, खाचरं, ओढे, वाड्या. सूर्य उगवून झालेला असतो, पण तो भिंतीपलीकडे, मावळातल्या लोकांना. त्याचं ऊन भिंतीच्या माथ्यावरून आडवं सुटतं ते गावाला ओलांडून थेट माथेरानच्या कड्यावर जाऊन पडतं. आपण अजून सावलीत, हात काखेत घालून उभे, आणि पश्चिमेचा डोंगर वरून उजळायला लागलेला. मग ते माथेरानचा उतार उतरतं. आधी उघडा कातळ, मग झाडीचा पट्टा, मग पायथ्याची घरं. तिथून शेतं तुडवत गावाकडे येतं. सगळ्यात शेवटी ते सह्याद्रीच्या अगदी कुशीतल्या वाड्यांवर पोचतं. म्हणजे सूर्याला सगळ्यांत जवळ असलेल्या वाडीला ऊन सगळ्यांत उशिरा मिळतं. किती उशिरा, तेही सांगता येतं. पृथ्वी तासाला 15 अंश वळते. ज्या अंगणातून भिंतीचा माथा 15 अंश वर दिसतो, तिथे ऊन साधारण तासाभराने, थंडीत सूर्य तिरपा चढतो म्हणून थोडं आणखी उशिरा, येणार.

संध्याकाळी हाच हिशोब उलटा. माथेरानची सावली सरपटत पूर्वेला निघते, गाव गिळते, ओढे ओलांडते आणि भिंतीवर चढू लागते. गावात दिवे लागले तरी भीमाशंकरच्या बाजूचे कडे तांबडे असतात. म्हणजे इथलं ऊन पश्चिमेकडून येतं आणि पूर्वेकडून जातं, आणि दोन्ही वेळा त्याला वाट दाखवतो तो डोंगर.

या उन्हाचं चित्र काढायचं तर आधी त्याच्याबद्दलचा एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. लोक त्याला तापट म्हणतात, निर्दय म्हणतात, एका शेतावर मेहेरबान आणि दुसऱ्यावर खप्पा असतं म्हणतात. मला ते मुळात फार भिडस्त वाटतं. स्वतःचं असं त्याला मत नाही. निरभ्र दिवशी, सूर्याकडे नीट तोंड करून धरलेल्या चौरस मीटरभर जागेला ते साधारण 1000 वॅट देतं, आणि हे मोजमाप कडावला काय नि काश्मीरला काय, फारसं बदलत नाही. बदलतं ते जमिनीचं तोंड. जमीन त्याच्याकडे वळलेली असली तर तो सगळा वाटा थोडक्या जागेत पडतो. पाठ फिरवून बसलेली असली तर तेवढाच वाटा लांबवर पसरून विरळ होतो. चमचाभर तूप लहान भाकरीवर घातलं तर चव लागते, परातीएवढ्या भाकरीवर घातलं तर नुसता वास येतो, इतकं साधं गणित आहे. पक्षपात करतो तो उतार. नाव मात्र उन्हाचं बद्दू होतं.

आकड्यांत सांगायचं तर 22 डिसेंबरला माध्यान्ही कडावच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो, आणि दक्षिणेला. एकाच टेकडीचे दोन उतार घ्या, दोन्ही 30 अंशांचे, एक दक्षिणेकडे तोंड केलेला, दुसरा उत्तरेकडे. त्या क्षणी दक्षिणेच्या उताराला उत्तरेच्या तिप्पट ऊन मिळतं. आता हीच टेकडी उचलून गंगोत्रीला नेऊन ठेवा. तिथे त्या दिवशी सूर्य 36 अंशांपर्यंतच चढतो. दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या उताराच्या वाट्यात फरक पडतो नऊपट. ऊन तेच, टेकडी तीच. 12 अक्षांश वर सरकल्याबरोबर एका अंगाला सुगी आणि दुसऱ्या अंगाला बर्फ. हिमालयात दोन समोरासमोरच्या उतारांपैकी एक उघडा, करडा आणि दुसरा एप्रिल-मेपर्यंत पांढरा दिसतो, त्याच्या मुळाशी हा नऊपटीचा हिशोब आहे.

आपल्याकडे बर्फ नाही. पण पांढऱ्याच्या जागी हिरवा घ्या, म्हणजे उन्हाचं अक्षर इथेही वाचता येतं. पावसाळा संपला की कर्जतचे डोंगर ओलेचिंब असतात, आणि ऊन ती ओल काढायला सुरुवात करतं. सरसकट नाही काढत. कशेळ्यावरून आंबिवलीच्या बाजूला गेलं की पेठचा किल्ला समोर येतो, कागदोपत्री कोथळीगड. खाली पेठ गावाचं पठार, त्यावर एकटा उभा सुळका, आणि सुळक्याच्या पोटातून वर जाणारा कोरीव जिना. बाकी डोंगर रांगेत उभे असतात, त्यांना दोनच बाजू दिसतात. हा मोकळा आहे, चहूबाजूंनी उतार असलेला, त्यामुळे उन्हाचं काम बघायला याच्यासारखा दुसरा नाही. दिवाळीच्या आगेमागे त्याच्याभोवती निम्मा फेरा मारावा. दक्षिणेच्या अंगाचं कुसळीचं गवत पिवळं पडून वाऱ्याला खसखसत असतं. फेरा घेत उत्तरेच्या अंगाला आलं की हिरवी झाक अजून टिकलेली, पायाखालची माती दाबली तर थोडी ओलसर. मधल्या बाजूंना या दोहोंमधल्या छटा. एकाच दिवशी एकाच किल्ल्यावर तीन आठवड्यांचं अंतर चालून होतं.

सगळं श्रेय उन्हाला देणं मात्र बरोबर नाही, आणि ते मागतही नाही. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या, घट्ट मातीचा पट्टा असतो. वरून मुरत आलेलं पाणी त्याच्यावर अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या अंगातून पाझरायला लागतं. अशा रेषेवर भर दक्षिणेच्या उतारावरही डिसेंबरात हिरवी किनार दिसते. तिथे ऊन रोज येतं, रोज काढतं, आणि आतून तेवढंच पुन्हा येतं. शिवाय जिथे उतार फार खडा तिथे माती टिकत नाही, आणि माती नसली की ऊन कुठल्याही बाजूने येवो, ओल चार दिवसांत संपते. डोंगर वाचायचा तर या तिघांचं, उन्हाचं, मातीचं आणि पाझराचं, भांडण ऐकावं लागतं. ज्याला फक्त ऊन दिसतं तो निम्मा डोंगर वाचतो.

आता सकाळ आणि दुपार. माथेरानचा पूर्वेचा उतार आणि सह्याद्रीची पश्चिमेची भिंत, दोघांना वर्षाकाठी जवळपास सारखं ऊन मिळायला हवं, कारण सूर्य सकाळी जितका वेळ पूर्वेला तितकाच दुपारनंतर पश्चिमेला. कागदावर हे खरं आहे. डोंगरावर खरं नाही. सकाळचं ऊन थंडीच्या दिवसांत कामाला येतं तेव्हा त्याच्यासमोर दव पडलेलं असतं. गवताच्या पात्यापात्यावर, दगडावर, कोळ्याच्या जाळ्यावर. त्याची पहिली शक्ती ते दव उडवण्यात जाते. दगड तापवायला उरतं ते नंतरचं. शिवाय खालच्या सपाटीवर धुकं बसलेलं असतं, त्यातून गाळून यायचं. दुपारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पोचतं तेव्हा दव कधीच गेलेलं, हवा तापलेली, कोरडी. ते सरळ दगडालाच हात घालतं. म्हणून भिंतीच्या उघड्या कातळाला संध्याकाळी हात लावावा तर चटका बसतो, आणि रात्री गावातला वारा थंड झाला तरी तो कातळ ऊब सोडत राहतो. पश्चिमेच्या अशा रखरखीत उतारांवर पांढरूख दिसतो, पांढऱ्याफटक सालीचा, उन्हाळ्यात एक पान अंगावर न ठेवता उभा. त्याने उन्हाशी तह केलेला आहे: तू तापव, मी पानं टाकतो.

उन्हाला जिथे कुणी बोलावत नाही अशाही जागा आहेत. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा, गणपती घाट आणि शिडी घाट. शिडीची वाट कड्याच्या घळीतून जाते. दोन्ही बाजूंना कातळ, मधली फट अरुंद. तिथे ऊन येतं ते पाहुणं म्हणून, दिवसातून थोडा वेळ, डोक्यावरच्या फटीतून, आणि बसायच्या आत उठतं. त्यामुळे शेवाळ वाळत नाही, नेच्याची पानं टवटवीत, आणि पायरी पायरीवर घसरडं. पावसाळा संपून कितीतरी दिवस झालेले असतात, बाहेरचा उतार पिवळा पडलेला असतो, आणि आत घळीला अजून वाटतं की परवाच पाऊस पडून गेला. शेकरूची घरटी असलेलं वरचं दाट जंगल आणि खालच्या उघड्या टेकड्या यांना जोडणारे हिरवे दोरे म्हणजे या घळी. 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं, त्याच्या नकाशावर सीमा रेघांनी आखल्या आहेत. झाडांनी आपली सीमा सावलीवरून आखली आहे.

पायथ्याच्या शेतांना हे सगळं ठाऊक आहे. भात कापून झालं की त्याच खाचरात वाल पडतो. रायगडचा कडवा वाल, ज्याच्या शेंगा थंडीत पोपटीच्या मडक्यात जातात. त्याला कुणी पाणी देत नाही. एका बांधावर मी विचारलं की शेजारच्या खाचरातला वाल वाळायला लागला आणि हा एवढा टवटवीत कसा, तर उत्तर आलं, "दादा, वाल पानी मागत नाय, दव मागतो. तिकडं ऊन लवकर येतं, दव उडवून मोकळं. आमच्याकडं डोंगराच्या सावटात नऊ वाजेपर्यंत दव बसून राहतं." कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र इथून जवळच, कर्जतला. 'कर्जत' हेच नाव आणि पुढे आकडा, अशी भाताची कितीतरी वाणं तिथून निघाली. पण कुठल्या खाचरात दव किती वेळ टिकतं, हे वाण कुठल्याही पिशवीत मिळत नाही. ते बांधावर बसूनच कळतं. जमिनीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र लिहितात, आकार लिहितात. ऊन किती वाजता येतं हे लिहायची पद्धत असती तर काही भाऊबंदकीचे दावे तरी समजून घेता आले असते.

हेच ऊन वर हिमालयात गेलं की धंदा बदलतं. इथे ते पाणी उडवतं, तिथे बर्फ वितळवतं. आणि खर्चाचा विचार केला तर इथलं काम जड आहे. ग्रॅमभर बर्फ वितळवायला 80 कॅलरी उष्णता पुरते. ग्रॅमभर पाण्याची वाफ करायला उघड्या हवेत 580 च्या आसपास लागते, सातपटीहून जास्त. कड्यावरचं दव उडवणारं ऊन गंगोत्रीच्या उन्हापेक्षा जास्त मेहनत करतं, आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही, कारण वाफ दिसत नाही. वितळलेला बर्फ नदी होऊन हरिद्वारला जातो आणि त्याची आरती होते.

बर्फावर मात्र त्याला एक वेगळंच दुखणं आहे. ताजा, भुसभुशीत बर्फ त्याला दाद देत नाही. 100 मधले 80-90 भाग ऊन तसंच्या तसं परत. म्हणून उन्हात बर्फावर चालणाऱ्याचे डोळे काही काळ जातात आणि हनुवटीच्या खालची कातडी भाजते, ऊन खालूनही येतं. पण बर्फ शिळा झाला, त्याच्यावर धूळ बसली, की तो उन्हाचं ऐकू लागतो. परत जाणारा वाटा निम्म्यावर येतो. मे महिन्यात आपल्याकडची माणसं मनालीला जातात, रोहतांगला गाडीतून उतरतात आणि "अरे, बर्फ एवढा काळा कसा?" म्हणून हिरमुसतात. तो काळा आहे म्हणूनच वितळतोय. रस्ता काढण्यासाठी कापलेल्या बर्फाच्या भिंती नीट बघाव्यात. रस्ता पूर्व-पश्चिम जात असेल तिथे उत्तर कडेची भिंत, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली, आधी खचते, खड्ड्याखड्ड्यांची होते. समोरची अजून तासलेली. दोघींमध्ये फक्त रस्त्याची रुंदी.

धुळीचंही तारतम्य आहे. पातळ थर असला तर तो ऊन पिऊन बर्फाला देतो आणि बर्फ भराभर जातो. जाड थर असला तर तोच पांघरूण होतो. हिमनदीवर मोठा धोंडा पडला की त्याच्या सावलीतला बर्फ तसाच राहतो आणि भोवतालचा खाली जातो. काही काळाने तो धोंडा बर्फाच्या खांबावर टेबलासारखा उचललेला दिसतो. आणि हे टेबल सरळ राहत नाही. उत्तर गोलार्धात खांबाच्या दक्षिण बाजूला ऊन जास्त लागतं, तिकडून खांब झिजतो, आणि धोंडा दक्षिणेकडे कलतो. होकायंत्र हरवलेल्या माणसाने असे दोन-चार धोंडे बघितले तरी दिशा सापडते. शेवटी तो घसरून पडतो, दुसरीकडे पुन्हा सावली धरतो, पुन्हा उचलला जातो. उन्हाला विनोदबुद्धी आहे असं मला जिथे खात्रीने वाटलं ती ही जागा.

त्याची सर्वांत विचित्र कारागिरी मात्र अँडीजमध्ये आहे. 1835 च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन चिलीतून पलीकडे मेंडोझाला चालला होता. खिंडीच्या वाटेवर त्याला बर्फाचे सुळके दिसले, दाटीने उभे, त्यांच्यामधून लादलेली खेचरं नेणं कठीण. एका सुळक्यावर तर गोठून मेलेला घोडा होता, मागचे पाय आकाशाकडे. घोडा पूर्वी कधीतरी बर्फाच्या खळग्यात डोकं खाली होऊन पडला असणार आणि नंतर भोवतालचा बर्फ गेला असणार, असा डार्विनचा तर्क. तिकडचे लोक म्हणत की वाऱ्याने हे सुळके कोरले. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लिबुट्री याने 1954 साली त्यातलं ऊन दाखवून दिलं. सुरुवात होते ती साध्या खळग्याने. खळग्यात ऊन भिंतींवरून आपटून पुन्हा पुन्हा आत फिरतं, हवा कोंडलेली आणि दमट असते, तिथे बर्फ वितळतो. टोकावर हवा कोरडी, वाऱ्याची, गोठणबिंदूच्या खालची. तिथे बर्फाला वितळायची सोयच नाही, तो एकदम वाफ होतो, आणि त्याला वितळण्याच्या आठपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणजे तेवढ्याच उन्हात खळगा खोल जातो आणि टोक जागेवर राहतं. सुळके सूर्याकडे तोंड करून कललेले असतात. स्पॅनिश लोकांना ते टोप्या घालून गुडघ्यावर बसलेले प्रायश्चित्त घेणारे भाविक वाटले, आणि तेच नाव पडलं. असे सुळके हिमालयातही, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू हिमनदीवर आहेत. 2012 साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची माणसं एव्हरेस्टवर चढली ती याच हिमनदीवरून. तिथल्या तुटक्या हिमप्रपातातून गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर निघतात आणि उतारावर ऊन पोचायच्या आत पार व्हायला बघतात, कारण रात्री सांधलेला बर्फ ऊन लागलं की सैल सुटतो. पूर्वेकडच्या उतारावर तो आधी सुटतो, पश्चिमेकडच्या उतारावर दुपारी. माथेरानचा कडा आणि सह्याद्रीची भिंत यांच्यात ठरलेली पाळी तिथे जिवावरची.

वणवा लागला की कर्जतचे डोंगर हिमालयाच्या आणखी जवळ जातात. फेब्रुवारीपासून पुढे कुठला ना कुठला उतार पेटलेला असतो. कधी नव्या चाऱ्यासाठी, कधी शिकारीसाठी, कधी नुसती बिडी. आग वाऱ्याने पळते, पण तिला खायला लागतं ते उन्हाने आधी वाळवून ठेवलेलं. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या उतारावर ती धावत चढते, सोंडेच्या पलीकडे उत्तरेच्या बाजूला गेली की दमते, घळीच्या तोंडाशी येऊन विझते. दुसऱ्या दिवशी डोंगराकडे बघावं तर काळ्या भागाची कड बरोबर सावलीच्या कडेने गेलेली. आणि मग ऊन त्या काळ्या उतारावर पुन्हा येतं. पिवळं गवत होतं तोवर थोडंफार तरी परत जात होतं. आता काळी राख सगळं पिऊन घेते. धुळकट बर्फाचं जे होतं तेच इथे मातीचं. उतार आणखी तापतो, मातीतली उरलीसुरली ओल जाते, आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस ती उघडी माती ओढ्याला लावतो. या एका बाबतीत मी उन्हाची बाजू घेत नाही आणि उताराचीही नाही. काडी माणसाच्या हातची असते.

पाण्याच्या बाबतीत तर कर्जतच्या उन्हाची एक मोठी गोची झालेली आहे. हिमालयात वर्षाचं पाणी डोंगरावर पांढरं होऊन साठतं आणि त्याची चावी उन्हाकडे असते. उन्हाळा चढला, उतारामागून उतार वितळला, की खाली नद्यांना पाणी, ऐन गरजेच्या वेळी. इथे डोंगरावर पाऊस पडतो आणि चार महिन्यांत समुद्राला मिळतो. उन्हाच्या हाती द्यायला काहीच राहत नाही. ते साठवण्याचं काम बर्फाऐवजी टाटांनी केलं. घाटमाथ्यावर आंद्रा नदीला ठोकरवाडीचं धरण, तिथून नळातून पाणी कड्याखाली भिवपुरीला, आणि 1922 पासून तिथे वीज. त्याच्याआधी खालापूरच्या बाजूला खोपोलीचं वीजघर 1915 पासून सुरू होतं. भिवपुरीत चाकं फिरवून झालेलं पाणी पेज नदीला येतं, राजनाल्यातून शेतात फिरतं, आणि भर एप्रिलमध्ये, डोंगर करपलेले असताना, खाली उन्हाळी भात हिरवागार. लांबून येणाऱ्याला वाटतं, वर कुठेतरी बर्फ असला पाहिजे. मुंबईत विजेची मागणी वाढली की इथल्या ओहोळाला पूर. आणि ऊन बिचारं ज्या कड्याला कधीकाळी स्वतः सुकवत बसायचं, त्याच्याच पायथ्याला परक्याने सोडलेल्या पाण्यात भाताची पानं तयार करायला मदत करतं.

उत्तरेच्या उताराबद्दल एवढं बोललो, त्याची कीव येऊ नये म्हणून सांगतो, त्यालाही पाळी मिळते. मार्च सरला की सूर्य उगवताना आणि मावळताना उत्तरेकडे सरकतो, सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं तिकडे शिरतात. मेच्या मध्यावर एका दुपारी तो कडावच्या अगदी डोक्यावर येतो, अंगणात रोवलेल्या मुसळाची सावली पायाशी गोळा होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि वर्षभर पाठ फिरवलेल्या उतारावर सरळ ऊन पडायला लागतं. पण लगेच जून येतो. समुद्रावरून ढग येतात, भिंतीवर आपटतात आणि मुक्काम ठोकतात. उत्तरेच्या उताराच्या नावावर जमा झालेलं ऊन ढगांच्या वरच राहतं. म्हणून वर्षाचा हिशोब केला तरी तो उतार मागेच, आणि त्यामुळेच हिरवा. हिमालयात असे ढग नसतात तिथे उत्तरेच्या उतारांवरचा उरलेला बर्फ याच महिन्यांत जातो. आपल्याकडे मान्सूनने त्या उताराला वाचवलं आहे, किंवा त्याचा हक्क बुडवला आहे. कोणत्या बाजूने बघाल तसं.

आता या उन्हाला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. कडावच्या आसपास फार्महाउस उभी राहतात. विकत घेणारे मुंबई-पुण्याचे, जाहिरातीत डोंगर दिसतो म्हणून भुलतात. घराची मोठी काच माथेरानकडे, कारण सूर्यास्त बघायचा. छपरावर सोलर बसवायला येणारा पोरगा बोलतो कमी, पण पट्ट्या बरोबर दक्षिणेकडे वळवून 19-20 अंशांच्या कलाने बसवतो. उताराचं गणित त्याला पगारापुरतं पक्कं येतं. घराच्या मालकाला तो सांगत नाही, आणि मालक विचारत नाही, की ही पश्चिमेची काच एप्रिलमध्ये दुपारी तीनला काय करणार आहे. एप्रिल येतो. सह्याद्रीची भिंत तापते तशी काचही तापते. पडदे ओढले जातात, एसी लावला जातो, त्याला वीज छपरावरच्या त्याच उन्हाची. शेजारच्या जुन्या घराची ओटी पूर्वेला आहे आणि मागच्या पश्चिमेच्या अंगाला खिडकी नाही, नुसती मातीची जाड भिंत आणि तिला टेकवून लाकडाची चवड. दुपारी त्या ओटीवर सावली असते आणि घरातली दोन-चार माणसं वाल सोलत बसलेली असतात. पलीकडच्या बंद पडद्यांकडे बघून त्यातली एखादी बाई दुसरीला विचारते, "मंग एवढी मोठी काच लावली कशाला गं?"